आवाज वाढव की जरा

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. नाव 'स्पीकर_फायनल_३'. अर्थातच त्याआधी 'फायनल' आणि 'फायनल_२' होऊन गेल्यात. त्यात अकरा कॉलम आहेत. मॉडेल, किंमत, सेन्सिटिव्हिटी, इम्पीडन्स, वूफरचा आकार, वॉरंटी वगैरे. शेवटच्या कॉलमचं नाव आहे 'जुना सब ठेवायचा का?' आणि त्याच्याखाली प्रत्येक ओळीत मी प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. ऑफिसात कुठलं सर्व्हिस कधी मायग्रेट करायचं यावर मी दहा मिनिटांत मत देतो. घरच्या एका सबवूफरबद्दल मात्र चार महिने ठरत नव्हतं.

हा सेट पप्पांनी २०११ मध्ये घेतला. वर्ल्डकप सुरू व्हायच्या थोडंसं आधी. मी आठवीत होतो. इचलकरंजीत आमचे चार यंत्रमाग होते, खर्चीवर चालायचे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आमची फक्त मजुरी. त्या वर्षी बाजार बरा होता म्हणून पप्पा एका संध्याकाळी टेम्पोतून खोकी घेऊन आले. एक रिसीव्हर, पाच स्पीकर आणि ८ इंचाचा सबवूफर. २४ हजार रुपये. आईनं दोन दिवस अबोला धरला होता. २ एप्रिलला फायनल झाली तेव्हा गल्लीतली निम्मी माणसं आमच्या घरात होती आणि शेवटच्या सिक्सला सब असा काही घुमला की शोकेसमधल्या कपबशा वाजल्या. त्यानंतर आईनं बोलायला सुरुवात केली.

मग मी इंजिनीअरिंगला सांगलीला गेलो, २०१९ मध्ये नोकरीला पुण्यात आलो. २०२३ मध्ये पप्पांनी माग विकले. विकले म्हणजे भंगारात घातले, किलोवर. त्याच वर्षी मी वाकडला फ्लॅट घेतला. पप्पा म्हणाले, "तो सेट घिऊन जा. इथं कोण लावतंय?" तसा तो सेट माझ्या हॉलमध्ये आला आणि गेल्या जूनमध्ये आई-पप्पासुद्धा काही महिने राहायला आले.

तिथून सुरू झालं. "आवाज वाढव की जरा."

पप्पांना साऊथचे हिंदीत डब केलेले सिनेमे आवडतात. दुपारी एक, रात्री एक. मी घरून काम करत असलो की दार लावूनही मला फाइट सीन कळायचे. रिसीव्हरचा आकडा मी ४० वर ठेवलेला असायचा, संध्याकाळी बघावं तर ५८. आणि तरीही त्यांची तक्रार एकच, "डायलॉग कळत न्हाईत. नुसता दणदणाट." त्यात सबला आवाज लागला होता. सिनेमा बंद असला तरी बारीक घूं असं चालू, आणि जोराचा बेस आला की फर्रर्र, पतंगाचा कागद फाटल्यासारखं. एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे रात्री काही काम चालू असतं का?"

मी माझ्या परीनं निदान केलं. स्पीकर जुने. सब गेलेला. डायलॉग क्लिअर नाहीत म्हणजे सेंटर स्पीकर टुकार. उपाय : अपग्रेड. बजेट ८५ हजार. एक्सेल शीट उघडली.

आता थोडं या प्रकाराबद्दल सांगतो, कारण हे कळायला मलाही वेळ लागला. ५.१ म्हणजे पाच पूर्ण चॅनल आणि एक पॉइंट वन. हा पॉइंट वन म्हणजे फक्त खालच्या सुरांचा चॅनल, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा. स्फोट, वीज, हेलिकॉप्टर हे तिथं जातं. समोरचे दोन स्पीकर संगीत आणि बराचसा इफेक्ट सांभाळतात, मागचे दोन वातावरण. आणि सिनेमातले संवाद जवळजवळ सगळे मधल्या एका स्पीकरमधून येतात. टीव्हीखाली आडवा ठेवलेला, ज्याच्याकडे विकत घेताना कुणी बघत नाही, तो. लोक पैसे टाकतात सबवर आणि टॉवरवर. कथा सांगतो सेंटर.

त्यामुळे मी सेंटरवर लक्ष केंद्रित केलं. सेन्सिटिव्हिटीचे आकडे लावले. ८६ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ८९ चा घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते, कारण दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट होते. असलं काहीतरी मी जेवताना पप्पांना समजावत होतो. ते मान हलवत होते. ते नेहमीच मान हलवतात.

एका शनिवारी त्यांना डेमोला घेऊन गेलो. शोरूमच्या मागच्या अंगाला काळा पडदा लावलेली खोली, मोठ्या खुर्च्या, एसी. तिथल्या मुलानं गाड्यांच्या पाठलागाचा सीन लावला. पप्पा खूश. "भारी हाय की!" मग मी म्हटलं, कुणीतरी नुसतं बोलतंय असं काहीतरी लावा. त्यानं एक कोर्टाचा सीन लावला. मी डोळे मिटून ऐकलं. स्वच्छ आवाज, शब्द न् शब्द. डोळे उघडून पप्पांकडे बघितलं तर ते पडद्याकडे बघत नव्हते. ते त्या मुलाकडे बघत होते. तो काय प्रतिक्रिया देतोय ते बघून त्याच्यानंतर अर्ध्या सेकंदानं हसत होते.

मला ते दिसलं. पण दिसलं म्हणजे कळलं असं नाही. मला वाटलं, बुजले असतील.

घरी येऊन मी ठरवलं की आधी खोली मोजू, मग खरेदी. इंजिनीअर माणसाला खर्च पुढे ढकलायला मोजमापासारखं दुसरं निमित्त नाही. आमचा हॉल लांबीला १४ फूट. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबानं या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही भिंतींच्या मध्ये अडकून घुमत राहतो. भिंतीपाशी तो फुगतो, खोलीच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. आणि आमचा सोफा कुठे? मागच्या भिंतीला टेकून. म्हणजे जिथे बेस सगळ्यात जास्त फुगतो, तिथेच पप्पा बसतात.

सबची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, बेसचं काहीतरी लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथं बेस एकसारखा, न घुमता ऐकू येईल तिथं सब ठेवायचा. मी रांगत असताना आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि पप्पांना म्हणाली, "ह्याच्यासाठी लाखभर फी भरली व्हय आपण?"

जागा सापडली, टीव्हीपासून थोडी बाजूला. मग मी फोनवरच्या टोन जनरेटरमधून एक स्वीप लावला. म्हणजे अगदी खालच्या सुरापासून सुरू करून हळूहळू वरच्या सुरापर्यंत एक सरळ शिट्टी. कुठं खड्डा आहे, कुठं टेकडी आहे ते फोनच्या माइकवर बघायचं. आई-पप्पा सोफ्यावर बसले होते. ३० हर्ट्झला फर्रर्र, ४० ला घुमलं, १०० पार झालं, ५००, १०००. पप्पा बोटांनी ताल धरावा तसं काहीतरी करत होते. २०००. ३०००. शिट्टी आता टोचायला लागली होती. आईनं कानावर हात ठेवले. "बंद कर की ते, कान फुटतील!"

पप्पा म्हणाले, "संपलं की. कवाच संपलं."

फोनवर आकडा होता ४१००.

मी बघत राहिलो. शिट्टी चालूच होती. आई कानावर हात धरून होती आणि पप्पा शांतपणे चष्मा पुसत होते. ५०००. ६०००. मी आवाज वाढवला. आई उठून आत गेली. पप्पांनी वर बघितलं आणि विचारलं, "काय झालं? ही का उठली?"

मी शिट्टी बंद केली. म्हटलं, "काही नाही पप्पा. झालं माझं."

त्या रात्री मी एक्सेल उघडली नाही.

एकेक गोष्ट मागे जाऊन जुळत गेली. पप्पा वयाच्या सतराव्या वर्षी मागावर लागले. आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मग स्वतःचे चार माग. बत्तीसहून जास्त वर्षं, बारा-बारा तासांची पाळी. साध्या मागात धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी लाकूड-लोखंडावर आपटतो. एका शेडमध्ये असे वीस-चोवीस माग. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. आमच्या गल्लीत ती कुणी मोजली नव्हती. कानात कापसाचा बोळा घालणारा माणूससुद्धा मी लहानपणी बघितलेला नाही. कापूस तर चहूकडे उडत असायचा.

त्या खडखडाटात माणसं बोलायची कशी? ओठांवरून. मी शाळेतून डबा घेऊन जायचो तेव्हा पप्पा शेडच्या त्या टोकाच्या कांडीवाल्याशी नुसते तोंड हलवून, बोटांच्या खुणा करून बोलायचे. मला ते जादूसारखं वाटायचं. म्हणजे पप्पांना ओठ वाचता येतात हे मला माहीत होतं. ते अजूनही वाचतात हे कधी लक्षात आलं नव्हतं. समोरासमोर बोललं की त्यांना सगळं कळतं, म्हणून आम्हाला कधी शंका आली नाही. करोनात ते मास्कवर एवढे का चिडायचे, ते आता कळलं. आणि डब केलेल्या सिनेमात ओठ एका भाषेत हलतात, आवाज दुसऱ्या भाषेत येतो. तिथं त्यांची सगळी विद्या फुकट.

पण सगळ्यात जास्त लागलं ते फोनचं.

मी घर सोडल्यापासून दर रविवारी फोन करतो. पप्पा उचलतात. "हां, बोल." मी काहीतरी बोलतो. ते "हं, हं" करतात. आणि वीस-पंचवीस सेकंदांत, "थांब, आईकडं देतो." दहा वर्षं हे असंच. मी मनात त्याचा अर्थ लावून टाकला होता. पप्पांना माझ्याशी बोलायला काही नसतं. मी मागावर बसलो नाही, कॉम्प्युटरवर बसलो, त्यांना माझ्या कामातलं काही कळत नाही, विषय संपला. मित्रांमध्ये बाप-मुलाच्या नात्यावर गप्पा निघाल्या की मी हेच उदाहरण द्यायचो, थोडं कौतुकानं सुद्धा. आमचे पप्पा असेच. कमी बोलतात.

जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. स्वरांची ताकद खालच्या पट्ट्यात असते, अ, आ, ओ हे सगळं तिथं. पण स, श, फ, त, थ ही व्यंजनं वरच्या पट्ट्यात असतात, बरीचशी २००० च्या वर. शब्द ऐकू येणं आणि शब्द कळणं यातला फरक या व्यंजनांत आहे. पप्पांना माझा आवाज येत होता. माझे शब्द येत नव्हते. फोनवर ओठही नव्हते. दहा वर्षं ते दर रविवारी माझा आवाज वीस सेकंद ऐकून घ्यायचे आणि पकडले जायच्या आत फोन आईला द्यायचे.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला ते तयार होईनात. "मला ऐकायला येतंय. लोकंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत्यात." आईनं शेवटी वेगळाच मार्ग काढला. म्हणाली, "ह्याला ऑफिसातनं सगळ्या घराचं चेकअप फुकट हाय. न्हाई केलं तर वाया जातंय." फुकट वाया जातंय म्हटल्यावर पप्पा उठले.

छोटी बंद खोली, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून मला ते दिसत होते. सुरुवातीला पटापट बटण दाबत होते. मग मध्ये मोठी शांतता. ऑडिओलॉजिस्टचा हात स्क्रीनवर आवाज वाढवत होता, वाढवत होता, आणि पप्पा समोर बघत वाट बघत होते. परीक्षेत उत्तर येत नसलेल्या पोरासारखे.

आलेख हातात मिळाला. २५० आणि ५०० हर्ट्झला दोन्ही कान जवळपास ठीक. २००० ला ४५ डेसिबलपर्यंत घसरलेले. ४००० ला ७०. ८००० ला पुन्हा थोडे वर. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाचा हा ओळखीचा खड्डा असतो, ४००० च्या आसपासचा. त्यात वयाची भर. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख बघून पहिलाच प्रश्न विचारला, "काका, काम कुठलं करायचात?" पप्पा म्हणाले, "माग." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही, श्रवणयंत्राचा उपयोग होईल, असं त्या सावकाश, पप्पांच्या समोर तोंड करून बोलल्या. जोडीची किंमत सांगितली ७२ हजार.

पप्पा बाहेर येऊन म्हणाले, "एवढ्यात दोन माग येत हुते."

मग महिनाभर तो विषय बंद. मीही रेटला नाही. सब मात्र समोरच होता, आणि तो दुरुस्त करायला कुणाची ना नव्हती.

एका रविवारी मी त्याची पुढची जाळी काढली. पप्पा शेजारी येऊन बसले. मी सिनेमा लावला, त्यांनी कोनवर तळहात अलगद टेकवला आणि डोळे मिटले. माग बिघडला की ते असंच करायचे, चालत्या मागाच्या चौकटीवर हात ठेवायचे. जॉबर असताना शेडच्या दारातूनच कुठला माग लंगडतोय ते ऐकून सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. हाताची सवय बहुतेक नंतरची. आता वाटतं, कान जायला लागले तसतसा हात पुढे आला असावा.

"कड गेलीया ह्याची," ते म्हणाले. "हितनं हितपर्यंत."

बोटानं दाबलं तर खरंच, कोनभोवतीची फोमची कडा कुजून भुगा होत होती. फोमचं तसंच असतं. दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत विरतो, स्पीकर वापरा की नका वापरू. म्हणजे बाकी स्पीकर ठणठणीत होता, फक्त कडा गेली होती. घूं असा आवाज वेगळा. मागचं पॅनल उघडलं तर पॉवर सप्लायचे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले. विजेतला चढउतार सपाट करणं हे त्यांचं काम. ते दमले की चढउतार गुणगुण होऊन बाहेर येतो.

बुधवार पेठेत जाऊन फोमची ८ इंची रिंग, गोंद आणि दोन कपॅसिटर आणले. सगळे मिळून साडेसहाशे रुपये. कपॅसिटर मी बदलले. थर्ड इयरनंतर पहिल्यांदा सोल्डरिंग गन हातात धरली. पॅनल उघडल्यावर लगेच हात घालू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, एवढं माझ्या डिग्रीतलं कामाला आलं. रिंग पप्पांनी लावली. जुना फोम खरवडून काढायला त्यांनी दोन तास घेतले. मी म्हटलं, एवढं कशाला, वरून चिकटवू. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

यात अवघड भाग असतो कोन बरोबर मध्ये बसवणं. मागची कॉइल चुंबकाच्या बारीक फटीत वर-खाली होते. कोन केसभर तिरका बसला की ती घासते. घासतेय का ते कान लावून ऐकायचं असतं. तो आवाज बारीक, कोरडा, वरच्या पट्टीतला. पप्पांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं आणि मी ते बोलून दाखवणार नव्हतो. मी ३० हर्ट्झचा टोन हळू लावला. त्यांनी दोन्ही हातांची बोटं कोनवर टेकवली, गोंद ओला असेपर्यंत कणाकणानं सरकवत राहिले, आणि एका जागी थांबले. "आता न्हाई घासत."

मी कान लावून ऐकलं. घासत नव्हतं.

रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या दिवशी जोडला. फर्रर्र नाही, घूं नाही. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये गेलो. सबची पातळी ६ डेसिबलनं खाली आणली, कारण भिंतीपाशी बेस आधीच फुगलेला असतो आणि जोराचा बेस वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. सेंटर ४ डेसिबलनं वर. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचं सगळं सबकडे आणि छोट्या स्पीकरांवरचा भार कमी. रात्रीसाठी डायनॅमिक रेंज आवळून ठेवली, म्हणजे स्फोट फार मोठा नाही आणि कुजबुज फार लहान नाही. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला. शिवाय सबटायटल चालू. एकूण खर्च, साडेसहाशे रुपये. तुमच्याकडे जुना सेट असेल आणि तुम्हीही एखादी शीट भरत बसला असाल, तर आधी एवढं करून बघा. माझा आकडा ५८ वरून ४६ वर आला. खालच्या काकूंनी लिफ्टमध्ये बाकीचे विषय काढले.

पण ४६ ला पप्पांना ४००० हर्ट्झ ऐकू यायला लागलं असं नाही. तो खड्डा स्पीकरात नव्हता. कितीही भारी सेंटर आणला असता तरी तो भरला नसता. हे मला आता माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हेही मला माहीत होतं.

ऑक्टोबरात ते एकदा आपणहून म्हणाले, "ते यंत्र बघायला मिळतं का आधी? घालून?" मिळतं, पंधरा दिवसांच्या ट्रायलवर. कशामुळे विचारलं ते सांगितलं नाही. आईचा अंदाज असा की मावशीच्या नातवानं त्यांना काहीतरी तीन वेळा सांगितलं, तिसऱ्यांदाही "हं" म्हटल्यावर पोरगं म्हणालं, "आजोबा, मी प्रश्न विचारलाय."

पहिल्या दिवशी घातलं आणि तासाभरात काढून ठेवलं. "सगळं कडकड करतंय. पिशवी कडकडती, पेपर कडकडतो, ही चपाती लाटती ते पण ऐकायला येतंय." कुकरच्या शिट्टीला दचकले. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी हे आधीच सांगितलं होतं. मेंदूनं इतक्या वर्षांत हे आवाज ऐकणं सोडून दिलेलं असतं, त्याला पुन्हा सवय लागायला वेळ जातो. रोज दोन-दोन तास घाला म्हणाल्या. घालत होते, पण तोंड वाकडं करून.

सहाव्या की सातव्या दिवशी दुपारी मी कॉलवर होतो. बाहेर आलो तर पप्पा हॉलच्या मध्ये उभे, मान वर करून फॅनकडे बघत. टीव्ही बंद.

"फॅनचं बेअरिंग चाललंय ह्या," ते म्हणाले.

मी कान दिला. मला नुसता फॅन ऐकू येत होता.

"अरे टक्, टक्, टक्. एका फेऱ्याला एकदा. ऐक की."

मी खुर्चीवर चढलो, कान वर नेला. होतं. अगदी बारीक. दोन वर्षं मी त्या फॅनखाली बसून काम करतोय.

त्यांनी संध्याकाळी मला स्टूल धरायला लावून फॅन उतरवला. काम चालू असताना यंत्रं कानातच होती. काढायचं विसरले असावेत, किंवा नसावेत.

पैशांवरून थोडं वाजलं. मी म्हटलं ८५ हजार बाजूला काढलेलेच आहेत, स्पीकरसाठी होते, त्यातून देतो. ते ऐकेनात. "माझं हायत. मागाच्या भंगाराचं." बँकेत तसेच पडून होते ते, दोन वर्षं हात लावला नव्हता. चेक त्यांनीच लिहिला. सही करून झाल्यावर म्हणाले, "तुझ्या पैशाचं घे तुला काय घ्यायचं ते स्पीकर."

दिवाळी करून आई-पप्पा परत गेले. गेल्या रविवारी फोन केला. पप्पांनी उचलला, "हां, बोल." मी सवयीनं हवापाणी विचारलं आणि आईला देण्याची वाट बघत थांबलो. ते थांबले. मीही थांबलो. मग त्यांनी विचारलं, "ऑफिसात काय करतोस तू दिवसभर, नेमकं?"

मला उत्तर नीट देता आलं नाही. सर्व्हर, पेमेंट, काहीतरी बोललो. त्यांनी दोनदा मध्येच "काय?" विचारलं, म्हणजे अजून सगळं ऐकू येत नाही. पण विचारलं. फोन ठेवल्यावर बघितलं तर कॉल सहा मिनिटांचा होता.

शीट मी अजून डिलीट केलेली नाही. सेंटर स्पीकर खरंच थोडा टुकार आहे, आणि डिस्काउंट आला तर तेवढा एक घेईन म्हणतो. शेवटच्या कॉलममधली प्रश्नचिन्हं मात्र काढली. 'जुना सब ठेवायचा का?' याखाली सगळीकडे 'हो'.